सेफ क्लस्टरमधल्या डिस्क इमेज दुसऱ्या पूलमध्ये नेताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरीतल्या एका पतसंस्थेकडे प्रॉक्समॉक्सवर (व्हर्च्युअल मशीन चालवणारी प्रणाली) चालणारा पाच नोडचा, म्हणजे पाच सर्व्हरचा, सेफ क्लस्टर आहे. सेफ म्हणजे अनेक सर्व्हरच्या डिस्क एकत्र करून सामायिक साठा देणारं सॉफ्टवेअर. प्रत्येक नोडमध्ये ८ टीबीच्या चार हार्ड डिस्क होत्या. आता प्रत्येकात ३.८४ टीबीच्या दोन एसएसडी बसवून त्यांचे ओएसडीही (एकेक डिस्क सांभाळणारे सेफचे प्रोग्राम) चालू केले आहेत. सगळ्या व्हर्च्युअल मशीन तीन प्रती ठेवणाऱ्या एकाच पूलमध्ये (सेफमधला साठ्याचा विभाग) आहेत. एकूण डेटा २६ टेबीबाइट: ४ डेटाबेस आणि बँकिंग सॉफ्टवेअरचा, १४ स्कॅन केलेल्या कागदपत्रांचा आणि सीसीटीव्हीचा, उरलेला ८ इतर मशीनचा. डेटाबेस एसएसडीवर आणि कागदपत्रं इरेजर कोडेड पूलमध्ये (पूर्ण प्रतींऐवजी डेटाचे तुकडे आणि दुरुस्तीसाठी काही जादा तुकडे ठेवणारा) न्यायची आहेत. मंडणगडपासून राजापूरपर्यंतच्या शाखांचं दिवसाचं काम थांबता कामा नये. यासाठी आरबीडीचं (मशीनच्या डिस्क इमेज सेफमध्ये ठेवणारी सोय) लाइव्ह मायग्रेशन वापरावं का?

सगळ्यासाठी नको. डेटाबेससाठी प्रॉक्समॉक्सचं मूव्ह डिस्क वापरा. कागदपत्रांसाठी स्नॅपशॉट (इमेजची त्या क्षणाची गोठवलेली स्थिती) घेऊन फरक पाठवण्याची पद्धत वापरा. आरबीडी मायग्रेशन फक्त अशा इमेजपुरतं ठेवा, जिचे जुने स्नॅपशॉट टिकवायचेच आहेत आणि जिचं मशीन फार वेळ बंद ठेवता येत नाही. उरलेले ८ टेबीबाइट आहेत तिथेच राहू द्या. दोन नवे पूल बनवून सगळंच हलवायचा मोह होतो, पण जो डेटा हलत नाही तो हलवताना बिघडतही नाही.

(आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.)

आधी क्रश रूल

एकही इमेज हलवण्याआधी एक गोष्ट तपासा. कुठला डेटा कुठल्या डिस्कवर ठेवायचा हे सेफमध्ये क्रश नियम ठरवतात. मूळ रेप्लिकेटेड (पूर्ण प्रती ठेवणारा) नियम हार्ड डिस्क आणि एसएसडी यांत भेद करत नाही. एसएसडीचे ओएसडी चालू झाले, की जुन्या पूलचा डेटा वजनाच्या प्रमाणात त्यांच्यावरही पसरतो. तुमच्याकडे हार्ड डिस्क १६० टीबी आणि एसएसडी ३८.४ टीबी आहेत, म्हणजे जवळजवळ एक पंचमांश डेटा आत्ताच एसएसडीवर जाऊन बसलेला असणार. ‘सेफ ओएसडी डीएफ ट्री’ चालवा, एसएसडीच्या ओळींत वापर दिसेल. याचा लिखाणाच्या वेगाला फायदा नाही. लिखाणाच्या तीन प्रतींपैकी एखादी जवळजवळ नेहमी हार्ड डिस्कवर असते, आणि तिन्ही प्रती लिहून झाल्याशिवाय लिखाण पूर्ण झाल्याचं उत्तर मशीनला मिळत नाही.

म्हणून आधी दोन नियम करा:

सेफ ओएसडी क्रश रूल क्रिएट-रेप्लिकेटेड नियम-एचडीडी डिफॉल्ट होस्ट एचडीडी
सेफ ओएसडी क्रश रूल क्रिएट-रेप्लिकेटेड नियम-एसएसडी डिफॉल्ट होस्ट एसएसडी

मग जुन्या पूलला (आज्ञांत त्याचं नाव ‘जुना’) हार्ड डिस्कचा नियम लावा:

सेफ ओएसडी पूल सेट जुना क्रश_रूल नियम-एचडीडी

मॅनेजरचा जो छोटा अंतर्गत पूल असतो, त्यालाही यातला एक नियम द्या. तो मूळ नियमावर राहिला, तर ऑटोस्केलरला क्रशच्या झाडाची दोन मुळं एकमेकांत मिसळलेली दिसतात आणि तो पीजींची (पूलमधला डेटा ज्या गटांत वाटलेला असतो ते) संख्या बदलायचं काम सोडून देतो. कारण पटकन लक्षात येत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो आहे.

नियम बदलला की बॅकफिल, म्हणजे डेटा नव्या जागी हलवणं, सुरू होतं. फक्त एसएसडीवरचाच नाही, त्याहून बराच जास्त डेटा हलताना दिसेल, कारण डिव्हाइस क्लासच्या नियमात क्रश वेगळ्या छाया-झाडावर हिशेब करतो आणि काही पीजींच्या जागा हार्ड डिस्कमधल्या हार्ड डिस्कमध्येही बदलतात. घाबरायचं कारण नाही. या काळात मशीन चालू राहतात, फार तर थोडी मंदावतात. बॅकफिल पूर्ण होऊन ‘हेल्थ ओके’ येईपर्यंत मात्र पुढचं काम सुरू करू नका.

याच आज्ञेचा दुसरा उपयोगही ध्यानात ठेवा. एखादा पूल पूर्णच एसएसडीवर न्यायचा असेल, तर इमेज कॉपी करायची गरजच नसते. नियम बदला, सेफ स्वतः डेटा नेऊन ठेवतो. पूलचं नाव, स्नॅपशॉट, क्लोन, मशीनची कॉन्फिग, सगळं जसंच्या तसं राहतं. इमेज हलवावीच लागते ती दोन प्रसंगांत: पूलमधला काहीच भाग वेगळा करायचा असेल तेव्हा, किंवा पूलचा प्रकार बदलायचा असेल तेव्हा. रेप्लिकेटेड पूल इरेजर कोडेड करता येत नाही, आणि इरेजर कोडेड पूलचे के आणि एम (डेटाच्या आणि जादा तुकड्यांची संख्या) नंतर बदलता येत नाहीत. तुमच्याकडे हे दोन्ही प्रसंग आहेत, म्हणून पुढचा खटाटोप.

जागेचा हिशेब

एसएसडीची कच्ची जागा ३८.४ टीबी म्हणजे साधारण ३४.९ टेबीबाइट. तीन प्रतींना भागल्यावर ११.६ टेबीबाइट उरतात. पण एक नोड बंद पडल्यावर उरलेल्या चार नोडांत सगळं मावलं पाहिजे आणि तरीही ८५ टक्क्यांच्या निअरफुल रेषेखाली राहिलं पाहिजे. तो हिशेब केला की ७.९ येतात. म्हणजे एसएसडी पूलमध्ये साडेसात टेबीबाइटच्या वर काही ठेवू नये. तुमचे ४ आरामात बसतात. ‘सेफ डीएफ’मधला मॅक्स अव्हेल हा आकडा प्रतींचा विचार करून दिलेला असतो, त्याला पुन्हा तीनने भागू नका. नोड पडण्याचा विचार मात्र त्यात नसतो, तो आपणच करायचा.

हार्ड डिस्कची कच्ची जागा साधारण १४५ टेबीबाइट. तीन प्रतींनी २६ टेबीबाइटचे ७८ होतात. इरेजर कोडिंगसाठी पाच नोडांवर ४ अधिक २ चालत नाही, कारण होस्ट हा बिघाडाचा घटक धरला तर त्याला सहा नोड लागतात. पाचांवर बनवलात, तर पीजी कायम अंडरसाइज्ड राहतील. ३ अधिक २ बसतं आणि १.६७ पटच जागा खातं, पण पाचही नोड त्यात अडकतात. एक नोड गेला, की तो परत येईपर्यंत सेफला तुकडा पुन्हा बांधायला दुसरी जागाच उरत नाही. २ अधिक २ दुप्पट जागा घेतं, पण चार नोडांवर बसतं आणि पाचवा मोकळा राहतो. एखादा सुटा भाग मुंबईहून किंवा पुण्याहून यायला दिवस लागतात अशा ठिकाणी मी २ अधिक २ च निवडेन. १४ टेबीबाइटचे ४२ ऐवजी २८ होतात, म्हणजे कच्चे १४ टेबीबाइट वाचतात.

कॉपी चालू असताना जुनं आणि नवं दोन्ही जागा खातात. सगळी कागदपत्रं एकदम कॉपी केलीत आणि जुनी नंतर पुसायची ठरवलीत, तर कच्चा वापर १०६ टेबीबाइटवर जाईल. एरवी ते ७३ टक्के दिसतं. पण त्याच वेळी एक नोड बंद पडला, तर उरलेल्या चारांवर ते ९१ टक्के होतं. ९० ही बॅकफिलफुलची रेषा आहे. तिथे दुरुस्ती अडकते, आणि ९५ ला लिखाणच थांबतं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी डेटाबेस एसएसडीवर न्या, त्यांच्या जुन्या इमेज पुसा, कच्चे १२ टेबीबाइट मोकळे करा. मग कागदपत्रांची एकेक इमेज न्या, तपासा, जुनी पुसा आणि मगच पुढची घ्या.

हलवण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक मशीनमध्ये ‘एफएसट्रिम’ चालवा. डिस्कला डिस्कार्ड चालू असेल तर पुसलेल्या फाइलींची जागा आरबीडीत खरोखर मोकळी होते. सीसीटीव्हीच्या मशीनमध्ये याने बराच डेटा कमी होतो.

नवे पूल

एसएसडी पूल (आज्ञांत त्याचं नाव ‘वेगवान’) सुरुवातीलाच २५६ पीजींचा करा. दहा ओएसडी आणि तीन प्रती धरल्या, तर दर ओएसडीवर साधारण ७७ पीजी येतात. पूल ३२ पीजींवर सोडलात, तर डेटा चढत असताना ऑटोस्केलर पीजी फोडायला लागतो आणि कॉपी व बॅकफिल एकमेकांच्या पायात येतात. सेफच्या क्विन्सीपासून पुढच्या आवृत्त्यांत पूलला ‘बल्क’ हा झेंडा लावला तरी हेच साधतं.

इरेजर कोडेड पूलमध्ये ओमॅप (की-व्हॅल्यू स्वरूपातली माहिती) ठेवता येत नाही, त्यामुळे आरबीडीची शीर्षकं आणि मेटाडेटा एका छोट्या रेप्लिकेटेड पूलमध्ये आणि प्रत्यक्ष डेटा इरेजर कोडेड पूलमध्ये, अशी जोडी लागते. प्रॉक्समॉक्समध्ये एकाच आज्ञेत जोडी तयार होते:

पीव्हीईसेफ पूल क्रिएट दस्त --इरेजर-कोडिंग के=२,एम=२

यातून ‘दस्त-मेटाडेटा’ आणि ‘दस्त-डेटा’ असे दोन पूल मिळतात. प्रोफाइलमध्ये डिव्हाइस क्लास एचडीडी आहे आणि फेल्युअर डोमेन होस्ट आहे याची खात्री करा, नाहीतर पुन्हा एसएसडीवर सांडासांड. हाताने पूल केलात, तर ‘अलाउ_ईसी_ओव्हरराइट्स’ हे ट्रू करायला विसरू नका. त्याशिवाय आरबीडी तिथे लिहूच शकत नाही. मेटाडेटाचा पूल एसएसडीवर ठेवलात तर उत्तम, तो अगदी लहान असतो. आणि इरेजर कोडेड पूलमध्ये डेटाबेस कधीही ठेवू नका. लहान लिखाणासाठी आधी तुकडे वाचा, जोडा, पुन्हा लिहा, असं दर वेळी करावं लागतं आणि हार्ड डिस्कवर ते फार जड जातं. कॅमेऱ्यांचं सलग लिखाण आणि एकदाच लिहून ठेवलेले स्कॅन मात्र नीट चालतात.

तुम्ही प्रॉक्समॉक्सबाहेरून, मर्यादित हक्कांच्या की-रिंगने (सेफमध्ये ओळख पटवणारी किल्ली) मशीन चालवत असाल, तर त्या वापरकर्त्याला जुना, नवा आणि डेटा, अशा तिन्ही पूलवर ‘प्रोफाइल आरबीडी’ द्या. हे राहिलं, की मशीन नव्या इमेजवर सुरू होतं आणि पहिल्याच वाचनाला परवानगी नाकारली जाते.

डेटाबेस: मूव्ह डिस्क

क्यूएम डिस्क मूव्ह १०१ एससीएसआय० वेगवान --बीडब्ल्यूलिमिट १०२४००

मर्यादेचा आकडा सेकंदाला किबीबाइटमध्ये असतो, म्हणजे हे १०० मेबीबाइट झालं. या वेगाने १ टेबीबाइटला सुमारे तीन तास लागतात. चार टेबीबाइट म्हणजे पावणेबारा तास. शाखा बंद झाल्यावर सुरू करून दोन रात्रींत विभागून घ्या. आत क्यूईएमयूचं (मशीन प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्राम) ड्राइव्ह-मिरर चालतं: मशीन जुन्या इमेजवरच लिहीत राहतं, प्रत नव्या इमेजमध्ये जात राहते, आणि दोन्ही जुळल्यावर शेवटी एका क्षणात मशीन नव्या इमेजवर वळतं. मशीनची लिहिण्याची गती मिररच्या मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर काम ९९ टक्क्यांवर येऊन तिथेच घुटमळतं. व्याज आकारणीचा किंवा दिवसअखेरचा बॅच चालू असताना हे हमखास होतं. तेवढ्या वेळात मूव्ह डिस्क लावू नका.

स्नॅपशॉट असलेली डिस्क हलवून जुनी पुसायला प्रॉक्समॉक्स नकार देतो. बहुतेक वेळा ते स्नॅपशॉट कुठल्याशा अपडेटच्या आधी घेतलेले आणि नंतर विसरलेले असतात. बॅकअप सर्व्हरवर ताजा बॅकअप आहे हे पाहून ते पुसा. काम झाल्यावर मशीनमध्ये पुन्हा एफएसट्रिम चालवा. मिररमध्ये रिकाम्या भागांचे शून्य पुष्कळदा खरोखर लिहिले जातात आणि पातळ इमेज जाड होऊन बसते.

‘जुनी डिस्क पुसा’ ही खूण पहिल्यांदा करू नका. जुनी इमेज ‘अनयूज्ड०’ म्हणून मशीनला चिकटून राहते. एक पूर्ण कामाचा दिवस जाऊ द्या, मग पुसा. जागेचा हिशेब ढिला असला तरच.

कागदपत्रं: फरक पाठवणं

मोठ्या, कमी बदलणाऱ्या इमेजसाठी ही पद्धत मला सगळ्यांत भरवशाची वाटते. आधी त्याच आकाराची रिकामी इमेज करा:

आरबीडी क्रिएट दस्त-मेटाडेटा/व्हीएम-२०५-डिस्क-० --साइज ४टी --डेटा-पूल दस्त-डेटा

आकार ‘आरबीडी इन्फो’मधून तंतोतंत घ्या. मूळ इमेज ४ टेबीबाइटपेक्षा काही मेबीबाइट जास्त असेल, तर तेवढेही द्या. मग मशीन चालू असतानाच:

आरबीडी स्नॅप क्रिएट जुना/व्हीएम-२०५-डिस्क-०@एक
आरबीडी एक्सपोर्ट-डिफ जुना/व्हीएम-२०५-डिस्क-०@एक - | आरबीडी इंपोर्ट-डिफ - दस्त-मेटाडेटा/व्हीएम-२०५-डिस्क-०

याला रात्रभर किंवा दोन रात्री लागोत. मध्ये वीज गेली, एसएसएच तुटलं, तरी मशीनचं काही बिघडत नाही, ते जुन्या इमेजवरच आहे. इंपोर्ट-डिफ पूर्ण झाल्यावरच नव्या इमेजवर ‘एक’ हा स्नॅपशॉट तयार होतो. तो दिसत नसेल तर काम अर्धवट आहे, पुन्हा चालवा. पूर्ण झाल्यावर मशीन व्यवस्थित शटडाउन करा, ‘दोन’ नावाचा स्नॅपशॉट घ्या आणि फक्त मधला फरक पाठवा:

आरबीडी एक्सपोर्ट-डिफ --फ्रॉम-स्नॅप एक जुना/व्हीएम-२०५-डिस्क-०@दोन - | आरबीडी इंपोर्ट-डिफ - दस्त-मेटाडेटा/व्हीएम-२०५-डिस्क-०

पहिला टप्पा रात्रीत झाला असेल, तर हा फरक लहान असतो आणि मशीन थोडाच वेळ बंद राहतं. इमेजला ऑब्जेक्ट-मॅप आणि फास्ट-डिफ ही वैशिष्ट्यं चालू हवीत. नसतील, तर फरक शोधायला आरबीडी प्रत्येक ऑब्जेक्ट विचारत बसते, आणि १ टेबीबाइटमध्ये ४ मेबीबाइटचे २,६२,१४४ ऑब्जेक्ट असतात.

जुळणी पाहायची तर दोन्हीकडच्या ‘दोन’ स्नॅपशॉटचा हॅश काढा:

आरबीडी एक्सपोर्ट जुना/व्हीएम-२०५-डिस्क-०@दोन - | एसएचए२५६सम

नव्या बाजूलाही तेच. याला वेळ लागतो, पण सभासदांचे मूळ दस्त असतील तर तो द्यायलाच हवा. मशीन नव्या इमेजवर सुरू करून हॅश मागाहून चालवला तरी चालतं, कारण स्नॅपशॉट बदलत नाही.

आरबीडी मायग्रेशन नेमकं काय करतं

ही सोय नॉटिलस आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून आहे. प्रिपेअर, एक्झिक्यूट आणि कमिट, असे तिचे तीन टप्पे. नावात लाइव्ह असलं तरी प्रिपेअरच्या वेळी मशीन बंदच असावं लागतं. इमेज कोणी लिहिण्यासाठी उघडली असेल, तर ‘इमेज हॅज वॉचर्स’ म्हणत प्रिपेअर नकार देतं. मशीन बंद असूनही वॉचर दिसत असेल, तर ‘आरबीडी स्टेटस’मधून पत्ता बघा. आधी अर्धा मिनिट थांबा, कोसळलेल्या क्लायंटचा वॉच तेवढ्यात आपोआप सुटतो. सुटला नाही आणि तो क्लायंट खरोखर मेलेला आहे याची खात्री असेल, तरच त्याला ब्लॉकलिस्ट करा, म्हणजे सेफशी बोलायला बंदी घाला.

आरबीडी मायग्रेशन प्रिपेअर जुना/व्हीएम-११०-डिस्क-० वेगवान/व्हीएम-११०-डिस्क-०

हे काही क्षणांत होतं. डेटा अजून हललेला नसतो. नवी इमेज तयार होते, स्नॅपशॉटांच्या इतिहासासकट जुनीशी जोडली जाते, आणि जुनी ट्रॅशमध्ये जाते. ‘आरबीडी एलएस’मध्ये जुनी इमेज दिसेनाशी झाली की लोक घाबरतात आणि ट्रॅशमधून परत काढायला जातात. तसं करू नका. ‘आरबीडी ट्रॅश एलएस --ऑल’ केलं की ती तिथे दिसते, आणि काम संपेपर्यंत तिने तिथेच असायला हवं.

आता मशीनच्या कॉन्फिगमध्ये स्टोरेजचं नाव बदलून मशीन सुरू करा. प्रॉक्समॉक्समध्ये इथे एक बारीक अडचण आहे: मशीनचे स्नॅपशॉट असतील, तर कॉन्फिग फाइलमध्ये प्रत्येक स्नॅपशॉटचा स्वतंत्र विभाग असतो आणि डिस्कची ओळ त्या प्रत्येकात असते. वरची एकच ओळ बदललीत, तर आज सगळं चालेल आणि रोलबॅक करायच्या दिवशी इमेज सापडणार नाही. रॅमसकट घेतलेल्या स्नॅपशॉटची स्थिती ठेवणारी इमेजही जुन्या पूलमध्ये वेगळी असते.

स्टोरेजला केआरबीडी (इमेज लिनक्स कर्नलमधून उघडणं) चालू असेल तर हा मार्ग बंद आहे. कर्नलचा आरबीडी ड्रायव्हर मायग्रेशन चालू असलेली इमेज उघडू शकत नाही, कमिट झाल्यावरच उघडतो. नव्या स्टोरेजवर केआरबीडी बंद ठेवा, म्हणजे क्यूईएमयू लिबआरबीडी या लायब्ररीमधून जातं. कंटेनर मात्र नेहमी केआरबीडीच वापरतात. ते बंद करून ‘पीसीटी मूव्ह-व्हॉल्यूम’ने हलवा.

यानंतर:

आरबीडी मायग्रेशन एक्झिक्यूट वेगवान/व्हीएम-११०-डिस्क-०

आता मशीन चालू असताना मागे डेटा कॉपी होतो. जो भाग अजून आलेला नाही तो वाचायला मशीन जुन्या पूलकडे जातं, लिहिताना तो ऑब्जेक्ट आधी इकडे आणला जातो. हा सगळा डेटा आज्ञा चालवणाऱ्या यंत्राच्या नेटवर्क कार्डातून ये-जा करतो. म्हणून ती १० गिगाबिटच्या नोडवर, टीमक्सच्या (जोडणी तुटली तरी आज्ञा चालू ठेवणारं साधन) आत चालवा. व्हीपीएनवरून जोडलेल्या लॅपटॉपवर नको.

वेग आवरायला बरेच जण ‘ओएसडी_मॅक्स_बॅकफिल्स’ कमी करतात. त्याचा इथे उपयोग नाही. ओएसडीच्या दृष्टीने हे बॅकफिल नव्हे, साधं क्लायंटचं वाचन-लेखन आहे, आणि एमक्लॉकही (ओएसडीच्या कामांचा क्रम ठरवणारा भाग) त्याला तसंच वागवतो. इथे लागू पडतो तो ‘आरबीडी_कॉन्करंट_मॅनेजमेंट_ऑप्स’. तो मुळात १० असतो. दिवसा २ किंवा ३, रात्री १० ठेवा. बॅकफिलची मर्यादा वर सांगितलेल्या नियम-बदलाच्या वेळी कामाची. तिथेही क्विन्सीनंतर एमक्लॉक असेल तर ‘ओएसडी_एमक्लॉक_प्रोफाइल’ हाय_क्लायंट_ऑप्सवर ठेवणं हाच योग्य मार्ग, कारण बॅकफिलचा आकडा हाताने बदलला तरी एमक्लॉक तो मानत नाही.

एक्झिक्यूट मध्येच तुटलं तर तीच आज्ञा पुन्हा द्यायची. डेटा जात नाही. धोका वेगळ्या ठिकाणी आहे. प्रिपेअरनंतर मशीनने लिहिलेलं सगळं नव्या इमेजमध्ये असतं. काही अडलं म्हणून कोणी ‘आरबीडी मायग्रेशन अबॉर्ट’ दिलं, तर नवी इमेज पुसली जाते, जुनी पूर्वीच्या स्थितीत परत येते, आणि मधल्या काळातले सगळे व्यवहार जातात. मूव्ह डिस्कमध्ये माघार घेतली तर काही गमवावं लागत नाही. इथे मशीन सुरू झाल्यापासून पुढे माघार महाग आहे. अडचण आली की अबॉर्ट नाही, पुन्हा एक्झिक्यूट, हे रात्रपाळीला असणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा आणि कागदावर लिहून रॅकवर चिकटवा.

याच कारणाने एका वेळी एकच इमेज प्रिपेअर करा. दहा इमेज प्रिपेअर करून ठेवल्या आणि मग सावकाश एक्झिक्यूट करत बसलं, की दहाही मशीन तितका काळ दोन्ही पूलवर अवलंबून राहतात. कुठलाही एक पूल अडला तरी सगळी अडतात.

‘आरबीडी स्टेटस’मध्ये एक्झिक्यूटेड दिसलं, मशीनमध्ये सगळं ठीक दिसलं, की कमिट द्या. कमिट जुनी इमेज पुसतं, त्यामुळे मोठ्या इमेजला वेळ लागतो. जुनी इमेज कुणाची पालक असेल, म्हणजे तिच्यावरून क्लोन केलेले असतील, तर फोर्सचा पर्याय मागितला जातो. तो द्यायच्या आधी सगळे क्लोन बंद असल्याची खात्री करा. उलट बाजूनेही पाहा: हललेली इमेज एखाद्या टेम्प्लेटचा लिंक्ड क्लोन असेल, तर ती नव्या पूलमध्ये जाऊनही तिचा पालक जुन्यातच राहतो. एसएसडीवर नेलं तरी मशीन हळूच का, याचं उत्तर कधीकधी इथे सापडतं. ‘आरबीडी फ्लॅटन’ केलं की संबंध तुटतो.

कधी करावं

कोकणात हा प्रश्न तांत्रिक भागाइतकाच महत्त्वाचा आहे. २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं, त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूण पाण्याखाली गेलं. अशा वेळी वीज तासांनी नाही, दिवसांनी मोजावी लागते. मे ते सप्टेंबर प्रिपेअर केलेली इमेज रात्रभर सोडू नये. परतीच्या पावसात, ऑक्टोबरच्या दुपारी, विजांचा कडकडाट असतोच. नोव्हेंबर ते मार्च हा काळ चांगला, शिमग्याचे दिवस सोडून. गणपतीत तर हात लावू नका. नोडपाशी जाऊन केबल बदलणारा माणूस गावी असतो. पावसाळ्यात काम टाळताच येत नसेल, तर मूव्ह डिस्क आणि फरक पाठवणं याच दोन पद्धती वापरा. त्यांत वीज गेली, तर फक्त अर्धवट प्रत पुसावी लागते.

वीज गेली आणि यूपीएस उतरत चालला, तर क्रम असा: एक्झिक्यूट कंट्रोल-सीने थांबवा, मशीन शटडाउन करा, ‘सेफ ओएसडी सेट नूआउट’ द्या (म्हणजे बंद ओएसडीचा डेटा सेफ दुसरीकडे हलवायला घेत नाही), मग नोड बंद करा. परत येताना सगळे ओएसडी वर येऊ द्या, नूआउट काढा, पीजी ॲक्टिव्ह आणि क्लीन झाल्यावर मशीन सुरू करा, मग एक्झिक्यूट. एसएसडी घेताना पॉवर लॉस प्रोटेक्शन असलेल्याच घेतल्या आहेत ना, हेही पाहा. सेफ प्रत्येक लिखाण डिस्कवर पक्कं झाल्याची वाट बघतो. हे संरक्षण नसलेली साधी एसएसडी त्या कामात इतकी मंदावते, की इमेज हलवून फायदाच दिसत नाही.

खाऱ्या दमट हवेचा परिणाम नेटवर्कच्या संपर्कबिंदूंवर होतो. रोजच्या हलक्या कामात तो झाकलेला राहतो आणि रात्रभराच्या कॉपीत ‘स्लो ऑप्स’ म्हणून बाहेर येतो. आधीच प्रत्येक नोडवर ‘ईथटूल -एस’ चालवून सीआरसी चुका (वाटेत बिघडलेली पॅकेट) वाढत आहेत का पाहा. वाढत असतील, तर केबल किंवा मॉड्यूल बदला. जंबो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठी नेटवर्क पॅकेट) वापरत असाल, तर ८९७२ बाइटचा, तुकडे न करणारा पिंग प्रत्येक नोडवरून प्रत्येकाला जातो का तेही बघा. एकाच स्विच पोर्टवर एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) चुकलेला असला, तरी लहान पॅकेट जातात, मोठी अडतात, आणि दोष सेफवर येतो.

जे करू नये

‘रॅडॉस सीपीपूल’ने पूर्ण पूल कॉपी करण्याचा सल्ला जुन्या लेखांत मिळतो. त्यात आरबीडीचे स्नॅपशॉट येत नाहीत आणि क्लोनचे संबंध जुन्याच पूलकडे बोट दाखवत राहतात. कॅश टिअर लावून डेटा खाली ढकलण्याची युक्तीही आता वापरू नये, रीफ आवृत्तीपासून कॅश टिअरिंग डेप्रिकेटेड आहे. साधं ‘आरबीडी सीपी’ फक्त सध्याची स्थिती नेतं. बंद मशीनचे स्नॅपशॉट हवे असतील, तर ‘आरबीडी डीप सीपी’ आहे. काम चालू असताना सेफची आवृत्ती वाढवू नका, आणि त्या मशीनचे बॅकअप जॉब थांबवून ठेवा.

तुमच्या आराखड्यात जुना पूल राहणारच आहे, तरी हललेल्या मशीनचं तिथे काही उरलं का ते ‘आरबीडी एलएस’ने पाहा. ईएफआय डिस्क, टीपीएमची स्थिती आणि क्लाउड-इनिटची डिस्क याही स्वतंत्र इमेज असतात आणि मुख्य डिस्कबरोबर आपोआप येत नाहीत. मूव्ह डिस्क प्रत्येकीसाठी वेगळं द्यावं लागतं. क्लाउड-इनिटची डिस्क हलवण्यापेक्षा काढून नव्या स्टोरेजवर पुन्हा तयार करणं सोपं. त्यानंतर ‘आरबीडी ट्रॅश एलएस --ऑल’ दोन्ही पूलवर चालवा. तिथे मायग्रेशनची म्हणून एखादी इमेज अजून दिसत असेल, तर कुठलं तरी कमिट राहिलं आहे.